कमरेवरचा हात

दिवाळी आली की घराघरांतले चिरंजीव एकदम फौजदार होतात. टिकल्यांचे पिस्तूल विकत आणायचे, ते चड्डीच्या पट्ट्यात खोचायचे आणि दर दोन मिनिटांनी त्यावर हात ठेवून शत्रूची वाट पाहायची, हा त्यांचा चार दिवसांचा कार्यक्रम. गंमत अशी, की टिकल्या पहिल्याच दिवशी संपतात. पिस्तुलावरचा हात मात्र भाऊबीजेपर्यंत निघत नाही. मुलाला हे कोणी शिकवलेले नसते. तरीही पिस्तूल उडवण्यापेक्षा त्यावर हात ठेवून उभे राहण्यात अधिक रुबाब आहे, हे त्याला नेमके कळलेले असते.

वाचकहो, आजचे हे पान त्या हाताविषयी आहे; मुलांच्या नव्हे, मोठ्यांच्या. खाकी गणवेशातला अधिकारी आणि साधा नागरिक समोरासमोर येतात तेव्हा तोंडाने फार थोडे बोलले जाते. बाकीचे सारे हात बोलतात, पाय बोलतात, डोळे बोलतात. आणि अधिकाऱ्याच्या कमरेला पिस्तूल असेल तर न बोलताही सर्वांत मोठ्याने तेच बोलते.

याच सुटीत मुंबईची कितीतरी कुटुंबे कोकणात निघतात. रात्रीचा प्रवास, गाडीत डब्यातल्या चकल्या, मागच्या सीटवर पेंगणारी मुले. महाड मागे पडते, पोलादपूर येते. तेथून एक वाट आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे चढते, दुसरी कशेडीकडे वळून रत्नागिरी जिल्ह्यात उतरते. अशा ठिकाणी कधी रस्त्यावर लोखंडी अडथळे दिसतात, विजेरीचा झोत गाडीच्या काचेवर येतो, शिट्टी वाजते. नाकाबंदी! गाडी थांबते. कागद पाहिले जातात, डिकी उघडली जाते, आणि "जा" अशी खूण होते. सारे मिळून दोन-तीन मिनिटे. गुन्हा नाही, भांडण नाही, दंडही नाही. तरीही पुढच्या घाटात गाडीतले सगळे थोडा वेळ गप्प असतात. मग मागून मूल विचारते, "बाबा, ते पिस्तूल खरं होतं?"

मुलाने अधिकाऱ्याचा चेहरा पाहिलेला नसतो. त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचलेली नसते. त्याने कंबर पाहिलेली असते. आणि खरे सांगायचे तर बाबांनीही तीच पाहिलेली असते.

यात भित्रेपणाचा भाग थोडा आणि डोळ्यांच्या स्वभावाचा भाग अधिक आहे. १९८७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काही लोकांना एका उपाहारगृहातील प्रसंगाची चित्रे एकामागून एक दाखवली. एका संचात गिऱ्हाईक गल्ल्यावर धनादेश पुढे करते. दुसऱ्या संचात तेच गिऱ्हाईक पिस्तूल रोखते. बाकी सारे सारखे. पाहणाऱ्यांची नजर धनादेशापेक्षा पिस्तुलावर अधिक वेळा गेली आणि तेथे अधिक रेंगाळली; आणि त्या माणसाला ओळखण्याची वेळ आली तेव्हा पिस्तूल पाहणारे कमी पडले. शस्त्र दिसले की नजर त्याला चिकटते, आणि चेहरा निसटतो. म्यानात बंद असलेले पिस्तूल रोखलेल्या पिस्तुलाइतके भयंकर नव्हे, हे उघड आहे. पण त्यावर हात गेला की नजर कुठे जाते, हे प्रत्येकाने स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहावे.

त्याच्याही आधी, १९६७ साली, लेनर्ड बर्कोविट्झ आणि अँथनी लेपेज यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात आणखी एक प्रयोग केला होता. आधी विद्यार्थ्यांना विजेचे सौम्य धक्के देऊन चिडवले, आणि मग तेच धक्के समोरच्याला परत देण्याची त्यांना संधी दिली. काहींच्या जवळ टेबलावर बंदूक आणि पिस्तूल ठेवले होते, काहींच्या जवळ बॅडमिंटनच्या रॅकेटी. शस्त्रे नुसती पडलेली होती, कोणी त्यांना हातही लावला नाही. पण चिडलेल्यांपैकी ज्यांच्यापुढे शस्त्रे होती, त्यांनी धक्के जास्त दिले. पुढच्या संशोधकांना दर वेळी हेच उत्तर मिळाले असे नाही, म्हणून त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण एवढे लक्षात ठेवण्यासारखे आहे, की शस्त्र पाहून नेहमी शांतताच निर्माण होते असे समजण्यास आधार नाही. आधीच तापलेल्या माणसापुढे पिस्तुलावर हात ठेवणारा अधिकारी आग विझवतो आहे की तिच्यात तेल ओततो आहे, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.

आता दुसरी बाजू. पोलिसाचे उभे राहणे आपल्याला उर्मट वाटते, पण त्यातले बरेचसे शिकवून दिलेले असते. ज्या अंगाला पिस्तूल असते ते अंग थोडे मागे घेऊन, तिरके उभे राहावे, समोरच्याचा हात पोहोचणार नाही एवढे अंतर ठेवावे, अशी शिकवण अनेक देशांच्या पोलिसांना दिली जाते. कारण साधे आहे. झटापटीत आपलेच पिस्तूल दुसऱ्याच्या हाती जाऊ नये. गाडीजवळ येताना अधिकारी थोडा मागेच थांबला, सरळ समोर आला नाही, तर तो आपला अपमान नसतो. ती त्याची खबरदारी असते. शिवाय कमरेचा पट्टा जड असतो, बारा-बारा तास उभे राहावे लागते, हात ठेवायला जागा नसते. मग तो हात नकळत पिस्तुलाच्या मुठीवर विसावतो, जसा आपला हात बसथांब्यावर छत्रीच्या मुठीवर विसावतो. छत्री आणि पिस्तूल यांतला फरक मात्र पाहणाऱ्याला कळतो, धरणाऱ्याला कळत नाही.

आणि खबरदारी अनाठायी म्हणावी तर २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवावी. गिरगाव चौपाटीवर त्या रात्री होती तीही नाकाबंदीच. थांबवलेल्या गाडीतून बाहेर आलेल्या कसाबच्या हाती स्वयंचलित बंदूक होती, आणि तिची नळी उघड्या हातांनी धरून ठेवणारे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्यापाशी होती फक्त काठी. ते साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. पोलादपूरहून घाट चढून गेले की सातारा जिल्हा लागतोच. ओंबळे गेले, कसाब जिवंत सापडला, आणि २००९ च्या प्रजासत्ताकदिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. कसाबच्या जोडीदाराला मात्र त्याच ठिकाणी पोलिसांच्या गोळ्यांनीच टिपले. तेव्हा पोलिसाला शस्त्र कशाला, असा प्रश्न कोणी शहाणा माणूस विचारणार नाही. प्रश्न शस्त्राचा नाहीच. बारा कोटींच्या राज्यात रोज लाखो नागरिक पोलिसांना भेटतात, त्यांत कसाब नसतो. त्या लाखोंपुढे हात कुठे असावा, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न नवा नाही. १८२९ साली सर रॉबर्ट पील यांनी लंडनचे पोलीस दल उभे केले, तेव्हा लोकांना लष्कराचा फार राग होता. म्हणून शिपायांना लष्करी तांबडा डगला न देता निळा कोट दिला, आणि हातात दिला लाकडी दंडुका. तो दंडुकासुद्धा मिरवायचा नव्हता. कोटाच्या मागच्या शेपटात एक लांब खिसा शिवला होता, त्यात तो दडवून ठेवायचा. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या माणसांसाठी केलेली ही सोय होती. त्याच राज्यकर्त्यांनी आयर्लंडसाठी बंदुका घेतलेले दल उभारले, आणि हिंदुस्थानात पोलीस उभारताना त्यांच्या डोळ्यांपुढे नमुना होता तो लंडनचा नव्हे, आयर्लंडचा. सत्तावन्नच्या उठावानंतर १८६१ चा पोलीस कायदा आला तो याच वळणाचा. घरच्या माणसांसमोर दंडुका खिशात, आणि परक्या मुलखात बंदूक खांद्यावर! उभे राहण्याच्या दोन तऱ्हा अशा दोन निरनिराळ्या हेतूंतून जन्मल्या. एकीत पोलीस म्हणतो, "मी तुमच्यातला एक." दुसरीत म्हणतो, "मी तुमच्यावरचा एक." स्वातंत्र्य मिळाल्यावर हेतू बदलला. अंगवळणी पडलेली तऱ्हा मात्र कायद्याच्या एका फटकाऱ्याने बदलत नाही.

महाडइतका या गोष्टीचा अनुभव फार थोड्या तालुक्याच्या गावांनी घेतला असेल.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. ते तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. मोर्चा गेला तो त्या कागदाला जिवंत करण्यासाठी. परतल्यावर थोड्याच वेळात अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. दंडुके घेऊन जमाव धावला आणि मांडवात जेवत असलेल्या, रस्त्याने घरी निघालेल्या लोकांना मारहाण झाली. बाबासाहेब तेव्हा डाक बंगल्यावर होते. मामलेदार आणि पोलीस अधिकारी तेथे त्यांच्याकडे आले. त्यांच्या भोवती जमलेल्यांत फौजेतून निवृत्त झालेले अनेक होते. पलटणीत बंदूक चालवलेली, लढाई पाहिलेली माणसे. आपली माणसे रक्तबंबाळ झालेली पाहून त्यांचे हात शिवशिवत होते. एक शब्द हवा होता. बाबासाहेबांनी तो दिला नाही. उलट कोणीही प्रतिकार करायचा नाही असे बजावले. आणि ज्यांना शस्त्र कसे चालवतात हे गावातल्या कोणाहीपेक्षा चांगले ठाऊक होते, त्यांनी हात आवरले.

त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा गावात पोलिसांचा मोठा बंदोबस्त होता. तळ्यावर जाण्यास दिवाणी न्यायालयाने तात्पुरती मनाई केलेली होती. हजारो लोक जमलेले, डोकी तापलेली, आणि सरकारपाशी पोलीस होते, बंदुका होत्या. कलेक्टर हूड यांनी त्या बंदुका पुढे केल्या नाहीत. ते स्वतः परिषदेच्या मांडवात आले आणि बोलले. बाबासाहेबांनी लोकांना समजावले, सत्याग्रह पुढे ढकलला गेला, मिरवणूक शांतपणे निघाली. पुढची लढाई न्यायालयात दहा वर्षे चालली आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. इंग्रज कलेक्टरचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याला शांतता हवी होती, समता नव्हे. पण त्या दिवशी महाडात गोळी सुटली नाही. याचे श्रेय सरकार आपल्या बंदुकांना देणार असेल तर ते चुकीचे ठरेल. ते श्रेय आवरलेल्या हातांचे आहे, दोन्ही बाजूंच्या.

याच गावाने पंधरा वर्षांनी उलटा प्रसंगही पाहिला. १० सप्टेंबर १९४२ रोजी, 'चले जाव'च्या दिवसांत, नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला. या वेळी बंदुका बोलल्या. माणसे पडली. हुतात्म्यांचे स्मारक आजही महाडात उभे आहे. त्याआधी याच कुलाबा जिल्ह्यात, उरणजवळच्या चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात असेच झाले होते. आठ सत्याग्रही गोळीबारात गेले. आणि त्या धुमश्चक्रीत सरकारचेच मामलेदार जोशी प्राणाला मुकले. एकदा हात घसरला, की पुढे कोण सरकारचा आणि कोण लोकांचा हे गोळी पाहत बसत नाही.

महाडहून पुढे गेले की पोलादपूर, आणि पोलादपूरच्या डोक्यावर प्रतापगड. शस्त्र कमरेला लावून झालेल्या भेटींत महाराष्ट्राला सर्वांत ठाऊक असलेली भेट तेथली, १६५९ च्या नोव्हेंबरातली. दोन्ही बाजूंनी किती माणसे आणायची हे आधी ठरले होते. सय्यद बंडा जवळ उभा दिसताच महाराजांनी त्याला दूर करण्यास सांगितले. अंगात चिलखत, मुठीत वाघनखे. प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या हातावर. तेथे तसे वागणे हेच शहाणपण होते, कारण समोर शत्रू होता आणि त्याचा हेतू ठाऊक होता. पण पोलादपूरच्या नाक्यावर रात्री अकराला थांबवलेला कारकून म्हणजे अफझलखान नव्हे. पोलीस आणि नागरिक यांची प्रत्येक भेट प्रतापगडाची भेट समजून दोघांनीही चिलखत चढवले, तर जिंकणार कोणीच नाही.

याच तालुक्यांत दुसऱ्या प्रकारची भेटही जुनी आहे. डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर कायद्याचा पहिला माणूस म्हणजे पोलीस पाटील. त्याला गणवेश नाही, पिस्तूल नाही. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ सालचा, पण पाटलाची संस्था त्याहून कितीतरी जुनी. गावात भांडण झाले, कोणी परका माणूस आला, दरड कोसळली, तर ठाण्याला खबर पाटलाकडून जाते. त्याचा अधिकार कमरेला लटकत नाही. तो लोकांच्या ओळखीवर चालतो. आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, एस.टी.च्या दोन गाड्या पुरात गेल्या, किंवा २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेले आणि तळियेवर डोंगर कोसळला, त्या दिवसांत कमरेचे पिस्तूल कोणाच्या कामाचे होते? अशा वेळी लोकांना हवा असतो दोर धरणारा हात, गर्दी मागे सारणारा हात, नावे लिहून घेणारा हात. तोच गणवेश, तीच माणसे; पण त्यांच्यापाशी जायला त्या दिवशी कोणाला भीती वाटत नाही.

कायदा याविषयी काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या ४३ व्या कलमाप्रमाणे, माणूस शब्दाने वा कृतीने अटकेस तयार झाला तर बळाची गरज नाही. विरोध केला तरच आवश्यक तेवढे बळ. ४६ वे कलम म्हणते, की पळून जाऊ नये यासाठी लागेल त्यापेक्षा अधिक अडकवणूक करता येणार नाही. ३६ वे कलम म्हणते, की अटक करणाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालच्या डी. के. बसू खटल्यात घालून दिला होता. पिस्तूल स्पष्ट दिसते, मग नाव का दिसू नये, असा साधा हिशेब त्यामागे आहे.

हात कुठे ठेवावा हे या कलमांत लिहिलेले नाही. पण हातवाऱ्याला अर्थ असतो हे कायद्याला चांगले ठाऊक आहे. हल्ल्याची व्याख्या, जी १८६० च्या दंड संहितेत ३५१ वे कलम होती आणि आता भारतीय न्याय संहितेत १३० वे आहे, ती सांगते की नुसता हावभाव हासुद्धा हल्ला ठरू शकतो. मात्र त्यामुळे समोरच्याला बळाचा वापर होईल अशी भीती वाटली पाहिजे, आणि ती वाटेल हे करणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. तिथली उदाहरणे घरगुती आहेत. एक जण दुसऱ्यापुढे मूठ उगारतो; एक जण चावऱ्या कुत्र्याची मुसकी सोडू लागतो; एक जण काठी उचलून "आता मारतो" म्हणतो. नुसते शब्द हा हल्ला नव्हे, पण शब्दांमुळे हावभावाला हल्ल्याचा अर्थ येऊ शकतो, असे स्पष्टीकरणही तिथेच आहे. थकल्यामुळे पिस्तुलावर टेकलेला हात हा गुन्हा आहे, असे येथे कोणी म्हणत नाही. पण मुसकी सोडण्याची नुसती हालचाल काय सांगते, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांना कळले होते.

आणि हात म्यानापाशी गेल्यावर गोष्ट कुठपर्यंत जाऊ शकते, हे अलीकडेच राज्याने पाहिले. २३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूरच्या गुन्ह्यातील आरोपी पोलिसांच्याच गाडीत, पोलिसाच्या गोळीने मारला गेला. त्याने एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावले, असे पोलिसांचे म्हणणे होते. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने ते म्हणणे मान्य केले नाही, आणि प्रकरण उच्च न्यायालयापुढे गेले. गुन्ह्याचा संताप सर्वांनाच होता. पण पोलिसांच्या ताब्यातल्या माणसाच्या हाताला पिस्तूल लागलेच कसे, किंवा लागले नसेल तर गोळी सुटली कशी, यांपैकी एक प्रश्न उरतोच. आणि दोन्ही प्रश्न म्यानाचे आहेत. चकमकीतील मृत्यूची चौकशी कशी व्हावी याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घालून दिले, तेही मुंबईतल्याच चकमकींवरून निघालेल्या खटल्यात.

मग करावे काय? अधिकाऱ्यांनी करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. म्यानाचे बटण बंद असावे. हात पोटापुढे, उघडा, दिसेल असा असावा. एका हाती वही असली तर फारच छान, कारण वही धरलेला हात पिस्तुलावर जात नाही. विजेरीचा झोत आधी तोंडावर नको, गाडीत पडावा. काठीने बोनेट ठोकू नये. पहिला शब्द "ए" नसावा, "नमस्कार" असावा. ठाण्यात फिर्याद घेऊन आलेल्याला आधी "बसा" म्हणावे. खुर्चीत रेलून बसलेला अंमलदार आणि त्याच्यापुढे उभी राहून पदराशी चाळा करणारी बाई, हे चित्रसुद्धा शस्त्रासारखेच आहे. त्याला म्यान नसते एवढाच फरक. "बसा" हा दोन अक्षरांचा शब्द ते बदलून टाकतो. खबरदारीचे अंतर ठेवावे, तिरके उभे राहावे, अवश्य. पण चेहरा समोर असावा. खबरदारी पायांनी घेता येते, त्यासाठी डोळे वटारावे लागत नाहीत.

नागरिकांचीही बाजू आहे. नाक्यावर गाडी थांबवली की आतला दिवा लावावा, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावे. सीटखाली किंवा पिशवीत एकदम हात घालू नये. "परवाना पिशवीत आहे, काढतो" असे आधी सांगावे. आपल्याला त्याचा हात दिसत नसला की जसे होते, तसेच त्यालाही आपला हात दिसत नसला की होते. "मी कोण आहे ठाऊक आहे का?" हे वाक्य घरी ठेवून यावे; "साहेबांना फोन लावतो" हे दुसरे वाक्यही त्याच्याच शेजारी ठेवावे. विनाकारण थांबवले असे वाटले तर नाव विचारावे, लिहून घ्यावे, वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी. पण ते सारे शांत आवाजात. आपला आवाज चढला की त्याचा हात खाली जातो. हा काही न्याय नव्हे, पण व्यवहार आहे.

आणखी एक गोष्ट, जी पोलिसांच्या हातात नाही, आयांच्या आणि आज्यांच्या हातात आहे. मूल जेवत नाही, झोपत नाही, की आपण म्हणतो, "थांब, पोलिसाला बोलावते!" बिचाऱ्या पोलिसाला यातले काही ठाऊक नसते, पण तीन वर्षांच्या मुलाच्या मनात त्याची मूर्ती तयार होते. उद्या तेच मूल जत्रेत आपला हात सुटून हरवले, तर गर्दीत त्याला खाकी कपड्यांतला माणूस दिसेल. ते त्याच्याकडे धावेल, की त्याला पाहून दुसरीकडे पळेल? मोठ्या मुलीला बसमध्ये कोणी त्रास दिला, तर ती चौकीची पायरी चढेल, की मान खाली घालून घरी येईल? "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" असे आपले वाडवडील म्हणत. ठाण्याची पायरी तर त्यांनी न सांगताच वर्ज्य केली होती. पण ती पायरी शेवटी चढावी लागते ती दुबळ्याला. धनदांडग्याला ठाण्यात जावे लागत नाही, ठाणेच त्याच्या घरी येते.

म्हणून कमरेवरच्या हाताचा हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही. ज्याला पोलिसांची सर्वांत जास्त गरज आहे, त्याला पोलिसांपाशी जाण्याचा धीर होतो की नाही, हे त्या हातावर ठरते. पिस्तूल म्यानात असते ते पोलिसाने आपल्याला दिलेले वचन असते: गरज पडेपर्यंत हे बाहेर येणार नाही. मुठीवर गेलेला हात ते वचन मोडत नाही, पण मोडण्याची आठवण करून देतो. महाडच्या डाक बंगल्यावर १९२७ साली ज्यांनी हात आवरला, त्यांच्या हाती त्या दिवशी सत्ता नव्हती. त्यांनी तो स्वतःच्या बळावर आवरला. आज सत्ता, गणवेश आणि कायदा ज्यांच्या बाजूला आहेत, त्यांना तर हे अधिक सोपे जायला हवे.